एकट्याने इलेक्ट्रॉनिक्स डिझाइनची कामं घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं एकटाच हार्डवेअर डिझाइनची कामं घेतोय आणि मेसेजमध्ये तेच तेच प्रश्न येत राहतात. काही नोकरी सोडायच्या विचारात असलेल्यांचे, काही क्लायंटचे, काही रात्री बाराला बोर्ड जळाल्यावर आलेले. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथे एकत्र टाकलंय. जे एका उत्तरात आलंय ते दुसऱ्यात परत लिहिलं नाही, तिथे नंबर दिलाय तो बघा.

१. तुम्ही नक्की काय देता? नुसतं सर्किट की पूर्ण प्रॉडक्ट?

क्लायंटकडे कल्पना असते, कधी ब्रेडबोर्डवर वायरींच्या गुंत्यात चालणारं काहीतरी असतं. मी त्याचं स्कीमॅटिक (सर्किटचा नकाशा) करतो, पार्ट निवडतो, पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) लेआउट करतो, पहिले पाच-दहा बोर्ड बनवून घेऊन टेबलावर जिवंत करतो आणि हार्डवेअर नीट आहे हे दाखवण्यापुरतं फर्मवेअर (बोर्डवरच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्राम) लिहितो. शेवटी सोर्स फाइल्स, गर्बर (बोर्ड बनवणाऱ्याला द्यायच्या फाइल्स), बीओएम (पार्टची यादी), पिक अँड प्लेस फाइल (कोणता पार्ट बोर्डवर कुठे बसवायचा ते) आणि टेस्ट कसं करायचं त्याचा कागद. डबा, मोबाइल अ‍ॅप, मोठं प्रॉडक्शन हे माझं काम नाही, पण डबा बनवणाऱ्याशी पहिल्या आठवड्यातच बोलणं करून ठेवतो, नाहीतर कनेक्टर एकीकडे आणि भोक दुसरीकडे.

२. नोकरी सोडून हे सुरू करायला किती वर्षांचा अनुभव पाहिजे?

वर्षं मोजू नका, बोर्ड मोजा. त्यातही असे बोर्ड जे तुम्ही कागदापासून प्रॉडक्शनपर्यंत नेलेत आणि सहा महिन्यांनी बाहेरून बंद पडून परत आले तेव्हा तुम्हीच उघडून बघितलेत. दहा वर्षं फक्त लेआउट केलेल्या माणसापेक्षा चार वर्षांत तीन प्रॉडक्टच्या रिटर्नचे डबे उघडलेला माणूस या धंद्यात जास्त टिकतो असं माझं मत आहे. आणि हो, सहा महिने एक पैसा आला नाही तरी घर चालेल एवढी सोय आधी.

३. सुरुवातीला कोणती साधनं घ्यावीत? बजेट कमी आहे.

करंट लिमिट असलेला बेंच सप्लाय, चार चॅनलचा स्कोप (व्होल्टेजची लहर स्क्रीनवर दाखवतो तो; १०० मेगाहर्ट्झ चालेल, २०० असेल तर बरं), मल्टिमीटर, चांगली सोल्डरिंग आयर्न, हॉट एअर, स्वस्तातला लॉजिक अ‍ॅनलायझर. लोक मायक्रोस्कोप सगळ्यात शेवटी घेतात, मी म्हणतो पहिल्यांदा घ्या, निम्मे "डिझाइन फॉल्ट" त्याच्याखाली सोल्डर ब्रिज (दोन पिन चुकून जोडणारा सोल्डर) निघतात. डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर कायकॅड. १९९२ पासून चालू आहे, फुकट आहे आणि आता खरंच कामाचं झालंय. क्लायंटने दुसरं काही मागितलं तर त्याचं लायसन्स त्याच्या खर्चात.

एक सांगतो, स्कोपच्या प्रोबला जी लांब ग्राउंड वायर येते ना ती ड्रॉवरमध्ये टाका. १५ सेंटीमीटर वायर म्हणजे ढोबळ १५० नॅनोहेन्री, त्यात प्रोबचे १० पिकोफॅरड धरले की साधारण १३० मेगाहर्ट्झला ते दोघं आपापसात वाजतात. मी सुरुवातीला स्विचिंग रेग्युलेटरच्या (व्होल्टेज बदलून स्थिर ठेवणाऱ्या चिपच्या) रिंगिंगमागे (सिग्नलमधल्या नको असलेल्या थरथरीमागे) दोन दिवस घालवले होते, आणि ते रिंगिंग बोर्डात नव्हतंच, माझ्या प्रोबमध्ये होतं. टोकाला लावायची छोटी स्प्रिंग येते ती वापरा.

४. कोटेशन कसं द्यायचं? तासावर की ठोक रक्कम?

पूर्ण कामाची ठोक रक्कम पहिल्याच मीटिंगला सांगू नका, कारण काम काय आहे हे तेव्हा तुम्हालाही माहीत नसतं आणि क्लायंटलाही नसतं. मी टप्पे करतो. पहिला टप्पा छोटा पण पैसे घेऊनच: काय बनवायचंय, किती व्होल्ट, किती तापमान, बॅटरी किती दिवस, कोणत्या देशात विकणार, किती नग, हे सगळं लिहून काढणं. या कागदाचे पैसे द्यायला जो तयार नाही तो पुढचेही देत नाही, हा अनुभव. त्यानंतरचे स्कीमॅटिक, लेआउट, ब्रिंग-अप (नवीन बोर्ड पहिल्यांदा चालू करून तपासणं) हे टप्पे ठोक, प्रत्येकाची अर्धी रक्कम आगाऊ. फॉल्ट शोधणं आणि मधेच बदललेल्या मागण्या मात्र तासावर. पार्ट आणि पीसीबीचा खर्च क्लायंटने थेट भरायचा, आपल्या खिशातून घालायचा नाही.

आणि कोटेशनमध्ये दोन रिव्हिजन (बोर्डच्या आवृत्त्या) धरायच्या. पहिला बोर्ड शिकण्यासाठी असतो हे मी पहिल्या मीटिंगला तोंडावर सांगतो. काही क्लायंट तिथेच उठून जातात, ते गेलेले बरे.

५. क्लायंट म्हणतो "दुसऱ्या रिव्हिजनचे पैसे मी का देऊ, चूक तर तुमची ना". काय उत्तर द्यायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न. उत्तर भांडणाच्या दिवशी द्यायचं नसतं, करारात आधी लिहायचं असतं. बोर्ड बदलायला लागतो त्याची कारणं तीन प्रकारची असतात आणि तिघांचं बिल वेगळं.

माझी सरळ चूक, म्हणजे एसओटी-२३ (छोट्या तीन पायांच्या) ट्रान्झिस्टरचे पिन उलटे घेतले, कनेक्टरचा फूटप्रिंट (बोर्डवरची पार्ट बसवायची जागा) मिरर झाला. यात माझा वेळ फुकट. मागणी बदलली, म्हणजे "फक्त एक छोटा बदल, अजून एक यूएसबी पोर्ट", तर पूर्ण बिल, कारण बोर्डवर छोटा बदल नावाची गोष्ट नसते, एक कनेक्टर सरकला की त्याच्या मागे अर्धा लेआउट सरकतो. तिसरा प्रकार म्हणजे जे आधी कोणालाच कळलं नसतं: चिपच्या इराटामध्ये (उत्पादकाने दिलेल्या चुकांच्या यादीत) नंतर आलेली भानगड, ईएमसीमध्ये (बोर्ड हवेत सोडतो त्या रेडिओ गोंगाटाच्या चाचणीत) आलेला पीक, डब्यात घातल्यावर अँटेनाची कमी झालेली रेंज. हा तिसरा प्रकार क्लायंटच्या खात्यात, कारण प्रॉडक्ट त्याचं आहे आणि ही अनिश्चितता त्या प्रॉडक्टची आहे. लोक हा तिसरा प्रकार लिहायचं विसरतात आणि मग सगळंच "तुमची चूक" होतं.

६. सॉफ्टवेअरवाले रोज अपडेट टाकतात, हार्डवेअरला महिने का लागतात?

कारण आमच्या एका "कंपाइल"ला चार ते सहा आठवडे लागतात. फाइल पाठवली, पीसीबी बनून आली, पार्ट गोळा झाले (एक पार्ट नेहमी अडकतो, आणि तो सगळ्यात स्वस्त असतो), असेंब्ली, मग टेबलावर आठवडाभर. आणि दहा चुका एकदम दिसत नाहीत, पॉवर चालली की प्रोसेसर दिसतो, प्रोसेसर चालला की रेडिओ. म्हणून पहिल्या बोर्डवर मी मुद्दाम जास्तीचे टेस्ट पॉइंट, झिरो ओहम रेझिस्टर आणि मोकळे पिन बाहेर काढून ठेवतो. दिसायला गबाळा दिसतो बोर्ड, पण तो कापून जोडून अजून दोन आठवडे काम करता येतं.

७. नवीन बोर्डला पॉवर दिली आणि धूर निघाला. पॉवर द्यायची पद्धत काय?

आधी पॉवर द्यायचीच नाही. मायक्रोस्कोपखाली बघा, मग मीटरने प्रत्येक सप्लाय आणि ग्राउंडमधला रेझिस्टन्स मोजा. मग करंट लिमिट ५० मिलीअँपला ठेवून व्होल्टेज हळूहळू वर न्या. लिमिट लागली तर थांबा आणि बोटाने किंवा थर्मल कॅमेऱ्याने काय तापतंय ते शोधा (मेन्सला, म्हणजे भिंतीतल्या विजेला, जोडलेला बोर्ड असेल तर बोट अजिबात नाही).

८. सर, माझ्या टेबलावर बोर्ड मस्त चालतो, क्लायंटकडे प्लग लावला की रेग्युलेटर उडतो. तीन बोर्ड गेले.

माझे पाच गेले होते. २४ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, ३६ व्होल्ट सहन करणारा रेग्युलेटर, इनपुटला २२ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. मी टेबलावर बेंच सप्लायचं बटण दाबायचो, तो आउटपुट सावकाश वर नेतो त्यामुळे सगळं छान. क्लायंट मात्र चालू अ‍ॅडॅप्टरचा जॅक खटकन लावायचा. दीड मीटर केबल म्हणजे इंडक्टर, सिरॅमिकचा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स) जवळजवळ शून्य म्हणजे झोका थांबवणारं कोणी नाही, आणि असं सर्किट इनपुटच्या दुपटीपर्यंत उसळू शकतं. शेवटी त्याचाच अ‍ॅडॅप्टर मागवला, स्कोप सिंगल शॉटवर ठेवून जॅक लावला, पीक ४३ व्होल्ट. काही मायक्रोसेकंदांचा खेळ, मीटरवर कधीच दिसला नसता.

उपाय एकदम साधा निघाला, सिरॅमिकच्या शेजारी १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक, त्याचा "वाईट" ईएसआर इथे ब्रेकचं काम करतो. पुढच्या रिव्हिजनला रेग्युलेटर ६० व्होल्टचा घेतला. तेव्हापासून क्लायंटचा अ‍ॅडॅप्टर आणि केबल हातात आल्याशिवाय ब्रिंग-अप संपलं असं मी म्हणत नाही.

९. कपॅसिटरवर १० मायक्रोफॅरड एक्स७आर लिहिलंय, तरी सप्लायमध्ये एवढा रिपल (व्होल्टेजचा चढउतार) कसा?

एक्स७आर म्हणजे उणे ५५ ते १२५ अंश सेल्सिअसमध्ये कपॅसिटन्स १५ टक्क्यांच्या आत राहील, एवढंच. त्यावर डीसी व्होल्टेज लावल्यावर किती उरेल याबद्दल तो कोड काहीच बोलत नाही. छोट्या साइजचा सिरॅमिक त्याच्या रेटेड व्होल्टेजजवळ चालवला तर निम्म्याहून जास्त गायब होऊ शकतो. उत्पादकाच्या साइटवर प्रत्येक पार्टचा डीसी बायस ग्राफ असतो, तो बघा, मोठी साइज घ्या. उलट बाजूही आहे, जुन्या १११७ जातीच्या काही एलडीओंना (साध्या व्होल्टेज रेग्युलेटरांना) आउटपुटला थोडा ईएसआर लागतो, तिथे "चांगला" सिरॅमिक लावला की ऑसिलेट होतात, म्हणजे आउटपुट आपोआप वरखाली व्हायला लागतं. डेटाशीटमधला (उत्पादकाच्या माहितीपत्रकातला) कपॅसिटरचा परिच्छेद कोणी वाचत नाही, निम्मी उत्तरं तिथेच असतात.

१०. आयटूसी (दोन तारांवर चिपांना आपसात बोलू देणारी बस) सेन्सर बोर्डवर चालतो, एक-दोन मीटर केबल लावली की मधेच गायब होतो. फर्मवेअरवाला म्हणतो हार्डवेअर, मी म्हणतो फर्मवेअर.

फर्मवेअरवाला बरोबर आहे. आयटूसीमध्ये लाइन वर खेचायचं काम फक्त पुलअप रेझिस्टर करतो, आणि केबलचा कपॅसिटन्स त्याला जड होतो. समजा सगळं मिळून २०० पिकोफॅरड झाले आणि पुलअप १० किलोओहम, तर राइझ टाइम (लाइन खालून वर जायला लागणारा वेळ) साधारण १.७ मायक्रोसेकंद. १०० किलोहर्ट्झलाच मर्यादा १ मायक्रोसेकंदाची आहे. ४.७ किलोओहमने तिथे भागेल, पण ४०० किलोहर्ट्झ पाहिजे तर मर्यादा ३०० नॅनोसेकंद आणि मग दीड किलोओहमच्या आसपास यावं लागतं. बसवर एकूण ४०० पिकोफॅरडच्या पुढे जाऊच नका. खरं सांगायचं तर ही बस एका बोर्डवरच्या चिपांनी आपसात बोलण्यासाठी बनली होती, लांब केबलसाठी आरएस-४८५ किंवा कॅन घ्या आणि झोपा.

११. सर्टिफाइड वायरलेस मॉड्यूल वापरलं म्हणजे टेस्टिंग लागत नाही ना?

लागतं. हा गैरसमज फार महागात पडतो. मॉड्यूलचं सर्टिफिकेट त्याच्या रेडिओपुरतं, तेही त्यांनी सांगितलेली अँटेना त्यांनी सांगितल्यासारखी वापरली तर. बाकी तुमचा प्रोसेसर, स्विचिंग रेग्युलेटर, डिस्प्लेची केबल जे काही हवेत सोडतात ते अमेरिकेत एफसीसी पार्ट १५ (तिथला रेडिओ गोंगाटाचा नियम) खाली आणि युरोपात त्यांच्या नियमांखाली मोजलंच जातं. सीई मार्क (युरोपात विकायला लागणारी खूण) उत्पादक स्वतः जाहीर करतो हे खरं, पण जाहीर करणाऱ्याकडे पुरावा पाहिजे.

माझा एक बोर्ड ७५ मेगाहर्ट्झला फेल झाला होता. आत २५ मेगाहर्ट्झचा क्लॉक, त्याचा तिसरा हार्मोनिक (तीन पट फ्रीक्वेन्सी) ७५, आणि बाहेर एक मीटरची सेन्सर केबल, म्हणजे ७५ मेगाहर्ट्झला बरोबर पाव तरंगलांबीची अँटेना. मीच बनवून दिली होती म्हणा ना. क्लॉक लाइनला ३३ ओहम सीरिज रेझिस्टर आणि केबलवर फेराइट (गोंगाट शोषणारी चुंबकीय कडी), काम झालं. पहिल्या रिव्हिजनलाच लॅबमध्ये तासभर प्री-स्कॅन (प्राथमिक मोजणी) करून घ्या, शेवटी गेलात तर उपाय चिकटवायलाही जागा नसते. लिथियम बॅटरी असेल तर वाहतुकीसाठी यूएन ३८.३ चा रिपोर्ट सेलवाल्याकडून आधी मागा, तो देत नसेल तर दुसरा सेल.

१२. डिझाइन झालं आणि चिपच मिळेना. आता?

२०२० ते २०२२ च्या टंचाईत साध्या मायक्रोकंट्रोलरला वर्षभराचं वेटिंग होतं, तेव्हापासून माझी पार्ट निवडायची पद्धत उलटी झाली. आधी स्टॉक बघतो, मग डेटाशीट. रेझिस्टर-कपॅसिटरला बीओएममध्येच दोन-तीन पर्याय लिहून देतो. रेग्युलेटर असा की तोच पिनआउट (पिनांची मांडणी) दुसराही कोणी बनवतो, नाहीतर लेआउटमध्ये दोन फूटप्रिंट एकात एक. मायक्रोकंट्रोलरला खरा पर्याय नसतो, तिथे क्लायंटला सांगायचं की पहिल्या लॉटपुरते आत्ताच घेऊन ठेव. "नवीन डिझाइनसाठी शिफारस नाही" असा शिक्का असलेला पार्ट कितीही आवडता असला तरी नको. अनोळखी ब्रोकरकडून घेतलेच तर चार नग आधी चालवून बघा, वरचं नाव घासून नवीन छापलेल्या चिप मी मायक्रोस्कोपखाली बघितल्यात.

१३. डिझाइनची मालकी कोणाची? सोर्स फाइल्स द्यायच्या का?

द्यायच्या, पण शेवटचं बिल जमा झाल्यावर. करारात वाक्य एवढंच की पूर्ण पैसे मिळाले की मालकी जाते. तुमचे जुने, सगळीकडे वापरायचे ब्लॉक, म्हणजे चार्जरचं सर्किट किंवा बूटलोडर (फर्मवेअर लोड करणारा छोटा प्रोग्राम), त्यांची मालकी तुमच्याकडे ठेवून क्लायंटला वापरायची परवानगी द्या, नाहीतर पुढच्या क्लायंटसाठी स्वतःचंच सर्किट वापरता येणार नाही. फर्मवेअरमध्ये कोणाचं ओपन सोर्स आलंय त्याची यादी लेखी द्या. सोर्स अडवून ठेवून क्लायंटला बांधून घेणारे आहेत, मला ते पटत नाही. का ते पुढच्या उत्तरात.

१४. आधीचा डिझायनर गायब आहे, फक्त गर्बर आहेत. असं अर्धवट काम घ्यावं का?

"नव्वद टक्के झालंय" असं म्हणून येणारं काम. घ्या, पण आधी पैसे घेऊन फक्त रिव्ह्यू करा आणि सापडलेलं लेखी द्या, त्यानंतर पुढचं कोटेशन. नुसत्या गर्बरवरून स्कीमॅटिक उभं करणं म्हणजे इमारत बघून तिच्या वायरिंगचा नकाशा काढणं. बऱ्याचदा नवीन काढणं स्वस्त पडतं. आणि रिव्ह्यूशिवाय हात लावलात तर आधीच्याच्या सगळ्या चुका त्या दिवसापासून तुमच्या.

१५. स्टार्टअप आहे, पैशांऐवजी शेअर्स देतो म्हणतात.

नको. रॉयल्टीही नको, किती नग विकले हे तुम्हाला ते सांगतील तेवढंच कळणार. फार आवडलं काम तर रेट थोडा कमी करा.

१६. दहा प्रोटोटाइप चालले, हजारच्या लॉटमध्ये तीस बोर्ड बंद. जबाबदारी कोणाची?

आधी तीसही बोर्ड बघा, मग जबाबदारी. एका लॉटमध्ये माझ्या बोर्डचं घड्याळ रोज काही सेकंद मागे पडत होतं, पण सगळ्यांचं नाही, शेवटच्या नगांचंच. स्कीमॅटिक बरोबर, फर्मवेअर तेच. क्रिस्टलची (घड्याळाला ठोका देणाऱ्या पार्टची) रील संपली म्हणून असेंब्लीवाल्याने "तीच फ्रीक्वेन्सी" बघून दुसरी लावली होती, १२.५ पिकोफॅरड लोडच्या जागी ६ वाली. जास्त लोड पडला की क्रिस्टल सावकाश चालतो, तेच झालं. तेव्हापासून बीओएममध्ये फ्रीक्वेन्सी नाही, पूर्ण पार्ट नंबर, आणि वर ठळक ओळ की लेखी परवानगीशिवाय बदल नाही.

बदल न करता बोर्ड बंद पडले असतील तर मात्र बहुतेक वेळा डिझाइनमध्ये टॉलरन्सला (एकाच पार्टच्या नगानगातल्या फरकाला) जागा ठेवलेली नसते आणि ते आपल्या अंगावर. दहा नगांवरून टॉलरन्स कळत नाही. करारात जबाबदारीची वरची मर्यादा तुमच्या फीएवढी ठेवा, आणि टेस्ट जिग (प्रत्येक बोर्ड तपासायचं साधन) कोण बनवणार हे ठरवल्याशिवाय प्रॉडक्शनला हो म्हणू नका. रिव्हिजनचा खर्च कोणाचा ते प्रश्न ५ प्रमाणेच.

१७. मेन्सवर चालणारं किंवा वैद्यकीय उपकरण आलं तर?

त्या क्षेत्रात आधी कोणाच्या हाताखाली काम केलेलं नसेल तर एकट्याने घेऊ नका. वैद्यकीय म्हणजे आयईसी ६०६०१ (वैद्यकीय विद्युत उपकरणांचं सुरक्षा मानक), तिथे सर्किटपेक्षा जास्त वेळ कागदपत्रांत जातो, आणि क्लायंटने तो वेळ धरलेला नसतो. मेन्सचं काम टाळायचा सोपा मार्ग म्हणजे बाहेरचा सर्टिफाइड अ‍ॅडॅप्टर, माझी निम्मी प्रॉडक्ट तशीच आहेत. प्रोफेशनल इन्शुरन्स असेल तर त्यात ही क्षेत्रं वगळलीत का ते वाचा.

१८. एकटेच आहात, मग तुमचं काम तपासतं कोण?

माझ्यासारखंच एकट्याने काम करणारे दोघं आहेत, एकमेकांचे स्कीमॅटिक बघतो, क्लायंटची परवानगी घेऊन. त्याशिवाय बोर्ड पूर्ण झाल्यावर एक रात्र मधे जाऊ देतो. दुसऱ्या दिवशी लेआउट कागदावर एकास एक प्रिंट करतो आणि खरे कनेक्टर, खरे मॉड्यूल त्या कागदावर ठेवून बघतो, पिन छिद्रांवर बसतात का, प्लग घालायला बोट जातं का. मग स्कीमॅटिकवर पिवळा मार्कर, प्रत्येक चिपचा प्रत्येक पिन डेटाशीटशी ताडून रंगवायचा. कंटाळवाणं काम आहे, तीन तास जातात. मागच्या बोर्डलाही हे सगळं केलं होतं, तरी यूआर्टचे (सिरीयल जोडणीचे) टीएक्स-आरएक्स, म्हणजे पाठवायचा आणि घ्यायचा पिन, उलटेच आले, दोन ट्रॅक कापले आणि मायक्रोस्कोपखाली केसाएवढ्या दोन वायरी टाकल्या.